मानसशास्त्रातील संशोधनाचे निष्कर्ष कसे लिहावेत आणि कसे मांडावेत

संशोधनलेखनाच्या सल्ल्याला पुण्यात तोटा नाही. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात शेजारच्या खुर्चीवर बसलेला विद्यार्थीही तो फुकट देतो. ‘भाषा सोपी ठेवा’, ‘वाक्ये लहान ठेवा’ हे त्यातले नेहमीचे. मला या सल्ल्याचा आताशा कंटाळा आला आहे, कारण गेल्या अनेक वर्षांत वाचलेल्या लघुप्रबंधांपैकी जे कळले नाहीत ते भाषा अवघड होती म्हणून नव्हे, तर नेमके काय आढळले हे लिहिणाऱ्यालाच ठरवता आले नव्हते म्हणून.

सोपे टप्पे आधी उरकून घेऊ. पद्धतीचे प्रकरण सर्वांत आधी, माहितीसंकलन ताजे असतानाच, भूतकाळात लिहावे. दुसऱ्या कोणी तेच संशोधन पुन्हा करू म्हटले तर तुम्हाला फोन करावा लागू नये इतका तपशील त्यात हवा. प्रश्नावली मराठीत आणली असेल तर भाषांतर कोणी केले आणि उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून ते तपासले का, हेही तिथेच सांगावे. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावेत आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) लेखनशैलीच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यावेत. सारांश शेवटी लिहावा, २५० शब्दांच्या आत.

आता निष्कर्षांचे प्रकरण. माझी गाडी इथेच अडली होती. एम. ए.च्या तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी माझे एक वाक्य मोठ्याने वाचले आणि शांतपणे विचारले, “म्हणजे मुलांना फरक पडला का?” मी उत्तर दिले की फरक ०.०५ पातळीवर सार्थक आहे. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मीही तेच उत्तर पुन्हा दिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

ते वाक्य साधारण कसे होते हे दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे ६० विद्यार्थी घेतले, चिठ्ठ्या टाकून त्यांचे प्रत्येकी ३० जणांचे दोन गट केले, एका गटाकडून महिनाभर रोज पंधरा मिनिटे श्वसनाचा सराव करून घेतला आणि शेवटी दोन्ही गटांची परीक्षाचिंता मोजली, असे समजा. लघुप्रबंधात याचे वाक्य हमखास असे येते: “स्वतंत्र नमुना टी-चाचणी उपयोजिली असता टीचे मूल्य २.४१ आढळले, जे ०.०५ पातळीवर सार्थक असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग व संशोधन परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.” (टी-चाचणी दोन गटांच्या मध्यमानांतला फरक तपासते; शून्य परिकल्पना म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक.) या वाक्यात विद्यार्थी नाहीत, चिंता नाही आणि ती वाढली की घटली हेही नाही.

तेच वाक्य असे लिहावे: “श्वसनाचा सराव केलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षाचिंता (मध्यमान ४१.२, प्रमाण विचलन ९.०) सराव न केलेल्यांपेक्षा (मध्यमान ४६.८, प्रमाण विचलन ९.०) सरासरी ५.६ गुणांनी कमी होती; टी (५८) = २.४१, पी = .०१९, डी = ०.६२.” (प्रमाण विचलन म्हणजे गुणांचा मध्यमानाभोवतीचा पसारा; ५८ ही स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे ६० विद्यार्थी वजा २ गट; डी म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे ते; पीचा अर्थ पुढे येतो.) आधी माणसे, मग फरकाची दिशा, मग त्याचा आकार आणि सर्वांत शेवटी चाचणी. हा क्रम मी कोणालाही बदलू देत नाही. प्रश्नावलीचे गुण २० ते ८० या पल्ल्यात आहेत हेही त्याच परिच्छेदात सांगावे, नाहीतर ५.६ गुण म्हणजे फार की थोडे हे वाचकाने कशावरून ठरवायचे? फरकाचे ९५ टक्के विश्वास मध्यांतर, म्हणजे खऱ्या फरकाच्या अंदाजाचा पल्ला, इथे साधारण १ ते १० गुण येते. ते लिहायला विद्यार्थी बिचकतात, कारण एवढ्या रुंद मध्यांतरामुळे आपला निष्कर्ष दुबळा दिसेल असे त्यांना वाटते. मुळात तो तेवढाच भक्कम आहे, आणि वाचकाला ते कळलेच पाहिजे.

‘सार्थक’ या शब्दाने मराठी वाचकाची विशेष फसगत होते. जन्माचे सार्थक झाले असे म्हणणाऱ्या भाषेत ‘सार्थक फरक’ म्हटले की तो मोलाचा असणार असेच कानाला वाटते. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ फार मर्यादित आहे: प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नमुन्यात दिसण्याची शक्यता कमी (०.०५ पातळीवर, म्हणजे ५ टक्क्यांहून कमी) होती. ही शक्यता म्हणजेच पी-मूल्य. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य सांगत नाही, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्ट केले आहे. ४०० जणांच्या पाहणीत .१० एवढा किरकोळ सहसंबंधही (दोन गोष्टी सोबत किती बदलतात याचे माप, जास्तीत जास्त १) पी = .०४६ देऊन ‘सार्थक’ ठरतो, पण एका चलातील (मोजलेल्या गोष्टीतील) विचरणाचा, म्हणजे चढउताराचा, जेमतेम १ टक्का भाग दुसऱ्याशी जोडता येतो. तेव्हा ‘सार्थक’च्या आधी ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या’ हा शब्द लिहावा आणि परिणामाचा आकार द्यावाच. उलट, पी .०५ पेक्षा जास्त आले म्हणून ‘फरक नाही’ असेही लिहू नये. या नमुन्यात फरकाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येते.

चर्चेच्या प्रकरणात ‘सिद्ध झाले’ हे शब्द दिसले की मी लाल रेघ ओढतो. पण खरी चूक त्याच्याही आधी, शीर्षकातच होऊन बसलेली असते. ‘मोबाइल वापराचा झोपेवर होणारा परिणाम: एक अभ्यास’ हा आपल्याकडचा ठरलेला साचा, आत पाहावे तर एकदाच भरून घेतलेल्या दोन प्रश्नावल्या आणि त्यांचा सहसंबंध. मोबाइलमुळे झोप उडते, की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो, हे त्यावरून सांगता येत नाही. अशा वेळी ‘परिणाम’ काढून ‘संबंध’ लिहावे आणि चर्चेतले सगळे ‘मुळे’ एकदा शोधून तपासावेत.

सादरीकरण त्यामानाने सोपे, मात्र प्रबंधातली पाने स्लाइडवर चिकटवायची नाहीत. दहा मिनिटे मिळाली असतील तर सहा-सात स्लाइड पुरतात. स्लाइडच्या माथ्यावर ‘निष्कर्ष’ असे न लिहिता निष्कर्षच लिहावा: ‘सराव केलेल्या गटाची चिंता ५.६ गुणांनी कमी’. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधला तक्ता तसाच उचलून टाकू नये. मागच्या रांगेतल्या माणसाला त्यातला एकही आकडा दिसत नाही आणि तुम्हाला हवे असतात त्यातले तीनच. दोन गटांचा आलेख काढावा, अक्षांवर मराठीत नावे घालावीत, विश्वास मध्यांतराच्या रेषा दाखवाव्यात आणि बोलायला लागण्यापूर्वी आडव्या-उभ्या अक्षावर काय आहे ते सांगून क्षणभर थांबावे.

प्रश्नोत्तरांची तयारी आदल्या रात्री घरातल्या कोणासमोर तरी करावी. त्यांनी “म्हणजे मुलांना फरक पडला का?” असे विचारल्यावर ‘टी’ आणि ‘पी’ हे शब्द न उच्चारता उत्तर देता येते का, ते पाहावे. येत नसेल तर स्लाइड बाजूला ठेवून निष्कर्षांचे ते वाक्य पुन्हा लिहायला बसावे.