प्रांतपालांची क्लबभेट : या चुका टाळा

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. तेवढ्यात प्रांतपालांना, म्हणजे रोटरीच्या एका प्रांताच्या (डिस्ट्रिक्टच्या) प्रमुखांना, प्रांतातले सगळे क्लब गाठायचे असतात. आपल्या वाट्याला येते एक संध्याकाळ. साताऱ्यातल्या आमच्या क्लबात मी दोनदा सचिव होतो. त्या संध्याकाळची माती कशी होते ते जवळून पाहिलंय, थोडी स्वतःच्या हातानेही केलीय.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ठळक दिसणारी चूक फ्लेक्सची. छापणाऱ्याकडे मागच्या वर्षीची फाइल असते. तो तारीख बदलतो, प्रांतपालांचं नाव जुनंच राहून जातं. आमच्या फ्लेक्सवर नाव बरोबर आलं, पण प्रांताचा क्रमांक ३१७० पडला, कारण तो सांगलीच्या क्लबांचीही कामं करायचा. सांगली ३१७०, सातारा ३१३२. पाहुणे फोटोला उभे राहिल्यावर लक्षात आलं. मग आकड्यावर झेंडूची माळ सोडली. पंख्याच्या वाऱ्याने ती हलायची आणि भाषणभर सात-शून्य डोकावत राहायचं. व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं की नुसता अंगठा दाखवू नका. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडून बघायचं.

समईचंही तसंच. वाती आधी तेलात भिजवून ठेवा, दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करा. बस्स.

खरी गडबड वेळेची. या भेटीचा गाभा म्हणजे संचालक मंडळाबरोबरची बैठक. वर्षाचं नियोजन, सदस्यसंख्या, रोटरी फाउंडेशनला दिलेली रक्कम, चालू प्रकल्प, अडचणी हे सगळं तिथे बोलायचं असतं. ती पाचला ठेवतात. पाहुणे पुण्याहून निघतात, पावसाळ्यात खंबाटकीला ट्रकमागे अडकतात आणि सात वाजता पोहोचतात. मग आपण काय कापतो? बैठक. कारण बाहेर खुर्च्या भरलेल्या असतात आणि निवेदकाने शेर पाठ केलेले असतात. उलटं करा. आधीच ठरवून ठेवा, की उशीर झाला तर सत्कार कापायचे आणि बैठक निदान अर्धा तास तरी घ्यायचीच.

सत्कारांचा तर आपल्याला सोसच आहे. प्रांतपालांचा, त्यांच्या जोडीदाराचा, सहायक प्रांतपालांचा, माजी अध्यक्षांचा, हॉल देणाऱ्याचा. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, गुच्छ आणि फोटो. एकेकाला तीन मिनिटं धरली तरी दहा सत्कारांत अर्धा तास जातो. पाहुण्यांना माइक मिळतो तेव्हा निम्मी सभा जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेली असते. परिचय चार ओळींचा करा. बायोडेटा वाचायला घेतलात तर त्यांची दहावीची शाळासुद्धा ऐकावी लागेल.

कंदी पेढे द्याच, सातारला येऊन ते नाही दिले तर आपणच चुकलो. पण साखरेचं पथ्य आहे का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. जेवणाचंही तेव्हाच विचारा. गावोगाव पनीर खाऊन आलेल्या माणसाला ज्वारीची भाकरी आणि खर्डा दिसला की चेहरा खुलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि सोबत आलेल्या जोडीदाराला कोपऱ्यात एकटं बसवू नका. प्रांतपाल बाई असल्या तर त्यांच्या यजमानांशी काय बोलावं हे आमच्या मंडळींना अजून सुचत नाही. पाऊसपाण्यापासून सुरुवात करा.

शेवटची चूक माझी. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आम्ही हात धुण्यासाठी नळांची रांग बसवली होती. प्रकल्प दाखवायचा म्हणून शाळा सुटता सुटता पाहुण्यांना थेट तिथे नेलं. आधी जाऊन बघायला मला वेळ झाला नव्हता. आमच्या क्लबाच्या नावाची पाटी चकचकीत. त्यांनी पहिला नळ फिरवला, फुस्स आवाज आला. दुसरा फिरवला, तोच आवाज. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले.

"टाकी कोण भरतं?" प्रांतपालांनी विचारलं.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मोटर जळून दोन महिने झाले, सर. तुमच्या लोकांना फोन केला होता."

तो फोन मलाच आला होता. त्या दिवशी बैठकीत फाइल बाजूला राहिली आणि अर्धा तास मोटरवरच गेला. सोमवारी आम्ही दोघं जण ती रिवाइंडिंगला टाकून आलो.