विहिरीवरून पुनर्भरण (पावसाचं जमिनीत मुरून भूजलात मिळालेलं पाणी) कसं काढायचं
पावसाळ्याआधी एकदा अन् पाऊस थांबल्यावर एकदा विहिरीतली पाणीपातळी टेपने मोजा, मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी नाहीतर आकडा चुकतोच. पातळी 3 मीटर चढली आणि खडकाचं विशिष्ट उत्पादन (भिजलेला खडक आपल्या आकारमानाच्या किती टक्के पाणी निथळून देतो ते) 2 टक्के धरलं तर पुनर्भरण 60 मिमी, म्हणजे हेक्टरी 6 लाख लिटर! सोबत पाऊस आणि पीकही दरवर्षी लिहा, कारण तेवढाच पाऊस दोन दिवसांत धो धो कोसळला तर बराचसा वाहून जातो, आणि ऊन वाढलं की माती अन् पिकंच आधी पाणी ओढून घेतात. पाटपाण्यातलं थोडं परत झिरपतं, ठिबकने ते बरंचसं थांबतं, म्हणून वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलंत तर पातळी उलट खाली जाते, हे प्लीज विसरू नका. नोंदी निदान 10 वर्षं ठेवा.