पुढे मोटर, मागे इंजिन: ‘इलेक्ट्रिक ईल’चे रिमोटवर उडणारे मॉडेल कसे बनवावे

६ जून २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलो विमानतळावरून अँपेअर कंपनीचे एक वेगळेच विमान उडाले. मूळ विमान जुने, सेस्ना ३३७ स्कायमास्टर. याला दोन इंजिने असतात, पण पंखांवर नसतात. एक नाकात आणि एक केबिनच्या पाठीमागे, दोन शेपूटदांड्यांच्या मध्ये. पुढचे ओढते, मागचे ढकलते. अँपेअरने दोनांपैकी एक इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली आणि विमानाला नाव दिले ‘इलेक्ट्रिक ईल’. पुढच्या वर्षी हवाईतल्या चाचण्यांसाठी तयार केलेल्या दुसऱ्या विमानात मोटर नाकात होती, पेट्रोलचे इंजिन मागे, आणि बॅटरी पोटाखालच्या लांबट आवरणात. या लेखातले मॉडेल त्या दुसऱ्या विमानाचे आहे.

बाजारात स्कायमास्टरची फोमची मॉडेल्स मिळतात, त्यांत दोन्हीकडे मोटरच असते. ती उडतात छान, पण हायब्रिड म्हणजे काय हे ती शिकवत नाहीत. माझा आग्रह असा की मागे खरे इंजिन बसवावे. एका विमानात दोन प्रकारची शक्ती एकत्र आली की इंधन, तोल, थंडावा, आवाज, सुरक्षा या सगळ्याचा विचार नव्याने करावा लागतो, आणि हे मॉडेल बनवण्यातली गंमत तिथेच आहे. मात्र हे पहिले मॉडेल म्हणून करू नका. एक साधे ट्रेनर विमान आत्मविश्वासाने उतरवता येत असेल आणि छोटे ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारे मॉडेलचे इंजिन) एकदा तरी हाताळले असेल, तरच याला हात घाला.

माप आणि वजन आधी ठरवा

मूळ विमानाचा पंखविस्तार ११.६३ मीटर, लांबी ९.०७ मीटर. आपण १:८ प्रमाण घेऊ. पंखविस्तार साधारण १,४५० मिलिमीटर, लांबी १,१३० मिलिमीटर, पंखाची सरासरी रुंदी २०० मिलिमीटर.

वजन २ किलोच्या आत ठेवायचे. भारतात उडवणाऱ्यांसाठी याला एक ठोस कारण आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा मायक्रो वर्ग आहे, आणि व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी या वर्गात रिमोट पायलट प्रमाणपत्र (आधीचे लायसन्स) लागत नाही. हे वजन इंधनासकट धरायचे. नोंदणीचे नियम आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा आपल्या भागाचा नकाशा मैदान ठरवण्याआधीच पाहून घ्या.

हिशेब असा बसतो: मफलरसह .१५ आकाराचे, म्हणजे २.५ सीसीचे ग्लो इंजिन १९० ग्रॅम; भरलेली १०० मिलिलिटरची टाकी १२०; २८३६ आकाराची ब्रशलेस मोटर ७५; मोटरचा वेग सांभाळणारा ४० अँपिअरचा ईएससी ३५; ३ सेलची २,२०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १८०; सर्व्हो (शेपूट-पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर आणि त्याची वेगळी बॅटरी मिळून १७५; चाके आणि त्यांच्या तारा १३०. हे झाले ९०५ ग्रॅम. सांगाड्याला उरतात जेमतेम १,०९५ ग्रॅम. प्रत्येक भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वहीत लिहीत जा. शेवटी वजन कमी करू म्हटले तर होत नाही.

टाकी आणि बॅटरीची तुलना इथेच करून टाकू. १८० ग्रॅमच्या त्या लिपोत सुमारे २४ वॉट-तास ऊर्जा असते. १०० मिलिलिटर ग्लो इंधनात, त्यातले तेल वजा करूनही, ३०० वॉट-तासांच्या आसपास. छोटे इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत घालवते, तरीही लांब उडायला इंधन आणि जोर लावायला मोटर ही वाटणी का सुचली हे यातून कळते.

पंख

२४ मिलिमीटर जाड, खालून सपाट असा क्लार्क वाय छेद घ्या. एक्सपीएस फोमचा गाभा गरम तारेने कापा, त्यात १० मिलिमीटरची कार्बन ट्यूब कणा म्हणून बसवा. वरून ब्राऊन पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा. वाळला की तो ढोलासारखा ताणतो आणि पंख आश्चर्य वाटावे इतका कडक होतो. दोन्ही टोकांना मागची कड २ अंश वर पिळून ठेवा. हळू उडताना टोक आधी कोसळू नये म्हणून हे लागते.

शेपूटदांड्या: सगळ्यात नाजूक जागा

इथे घाई करू नका. मागचा प्रॉप (प्रोपेलर) ८ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना निदान २० मिलिमीटर मोकळी जागा हवी. दांड्यांची जाडी धरून त्यांच्या मध्यरेषांत २६० मिलिमीटर अंतर ठेवा. दांड्यांसाठी १२ मिलिमीटरची कार्बन ट्यूब घ्या.

ट्यूब नुसती फोमला चिकटवली तर इंजिनाच्या थरथरीने महिन्याभरात सुटते. जिथे दांडी येते तिथे पंखात ३ मिलिमीटर प्लायवूडची उभी फळी पुढून मागेपर्यंत घाला, तिला कण्यासाठी भोक पाडा, आणि दांडी या फळीला दोन जागी एपॉक्सीने जोडून वर दोरा गुंडाळा. ट्यूबचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर एपॉक्सी धरत नाही. मागे आडवे शेपूट दोन्ही दांड्यांना जोडते, म्हणून दांड्या पूर्ण समांतर असल्याची खात्री झाल्यावरच ते चिकटवा.

आता एका हाताने पंख धरा, दुसऱ्या हाताने शेपूट पिळून पाहा. शेपूट पंखाला सोडून वेगळे वळत असेल तर उडवायचा विचार सोडा, जोड पुन्हा करा.

एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) यांचे ९ ग्रॅमी सर्व्हो शेपटीत बसवू नका. मागे इंजिन असल्याने शेपटीतला प्रत्येक ग्रॅम नाकात दुपटीने भरावा लागतो. सर्व्हो पंखाखाली ठेवून दांडीतून पुशरॉड, म्हणजे ढकलणारी काडी, न्या.

धड आणि मागचे इंजिन

पुढचा भाग फोमचा चालेल. केबिनमागचा भाग मात्र बाल्सा आणि प्लायवूडचा करा, आतून पातळ एपॉक्सी फिरवा. ग्लो इंजिनाच्या धुरातून तेल सतत बाहेर पडते आणि ते उघड्या लाकडात मुरले की पुढे कुठलाच गोंद धरत नाही.

इंजिन ५ मिलिमीटर प्लायच्या फळीवर, तोंड मागे करून. इथे एक गोष्ट आपोआप जुळून येते. इंजिन उलट्या दिशेला तोंड करून बसल्याने मागचा प्रॉप पुढच्याच्या विरुद्ध फिरतो आणि दोघांचा मरोड, म्हणजे विमानाला पिळणारा जोर, एकमेकांना बराचसा मारतो. मात्र प्रॉप ‘पुशर’ (मागून ढकलणाऱ्या) जातीचाच हवा, ८×४ आकाराचा (८ इंच व्यास, ४ इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर), ग्लो इंजिनासाठी बनवलेला. इलेक्ट्रिकसाठीचे पातळ प्रॉप इंजिनावर लावायचे नाहीत, ते फुटून उडतात.

मागच्या इंजिनाचा थंडावा ही खऱ्या स्कायमास्टरचीही डोकेदुखी. तिथे धडाच्या वर हवा घेणारे तोंड असते. तसेच तोंड करा, सिलिंडरवरच्या उष्णता घालवणाऱ्या पातळ पट्ट्या त्याच्या वाटेत येऊ द्या, आणि हवा बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा मोठी ठेवा.

टाकी बरोबर गुरुत्वमध्यावर बसवा, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते २८ टक्क्यांवर. इंधन संपत जाईल तसा तोल बदलत नाही. टाकीचा मध्य कार्बोरेटरच्या उंचीला ठेवा.

नाक, पोट आणि वीज

मोटरवर ९×६ प्रॉप, २ अंश खाली आणि १ अंश उजवीकडे रोख. मोटरचा स्थिर जोर किलोच्या आसपास मिळेल, इंजिनाचा पाऊण किलो. दोन्ही मिळून चढाई सुरेख होते. यातले एक बंद पडले तर विमान तरंगत राहते आणि, जोर मध्यरेषेवरच असल्याने, एका बाजूला वळतही नाही. स्कायमास्टर मुळात याचसाठी जन्मले.

लिपो पोटाखालच्या आवरणात ठेवा, खऱ्या विमानासारखी. आवरणात पुढेमागे सरकायला ६० मिलिमीटर जागा सोडा. तोल याच सरकवण्याने साधायचा.

ईएससीच्या सिग्नल केबलमधली लाल तार काढून टाका आणि रिसीव्हरला स्वतंत्र छोटी बॅटरी द्या. कारण इंजिन चालू करताना मुख्य लिपो जोडलेली नसावी, पण रिसीव्हर तर चालू हवा. लिपोच्या वाटेत धडाच्या डाव्या कुशीला, पुढच्या प्रॉपच्या बरेच मागे, एक उघडता येणारा प्लग ठेवा. तो खोचला की मोटर सज्ज.

रिमोटची मांडणी

इंजिन आणि मोटर वेगवेगळ्या चॅनेलवर, थ्रॉटलची काडी एकच. तीन पायऱ्यांचा एक स्विच ठेवा. वरची पायरी: दोन्ही काडीबरोबर. मधली: इंजिन काडीबरोबर, मोटर जास्तीत जास्त ४० टक्के. खालची: फक्त इंजिन. उड्डाण आणि चढाई वरच्या पायरीवर, सरळ उडणे खालच्या. इंजिन हवेत पुन्हा सुरू करता येत नाही, म्हणून त्याला कधीही मंद गतीच्या खाली आणू नका. मोटर तोडणारा वेगळा स्विच हवाच. सिग्नल तुटल्यास मोटर शून्य आणि इंजिन बंद, हा फेलसेफ विमान धरून ठेवून प्रत्यक्ष तपासा.

मैदानावर

मागच्या प्रॉपजवळ हात नेणे दोन दांड्यांमुळे अवघड असते, म्हणून बोटाने फिरवून इंजिन सुरू करू नका, स्टार्टर वापरा. कोणीतरी पंख घट्ट धरलेला असावा. क्रम असा: रिमोट, रिसीव्हर, इंजिन, आणि सगळ्यात शेवटी कुशीतला प्लग. उतरल्यावर आधी प्लग, मग बाकीचे.

ग्लो इंधनातले मिथेनॉल विषारी असते आणि कातडीतूनही शरीरात जाते. हातमोजे घाला. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग विझवायचे साधन हाताशी ठेवा.

धावपट्टी डांबरी किंवा घट्ट मातीची निवडा. मुरमाडावर मुख्य चाकांनी उडवलेले खडे थेट मागच्या प्रॉपमध्ये जातात. शेपूट जमिनीला टेकेपर्यंत दाबून पाहा. तेव्हाही प्रॉप आणि जमीन यांत २० मिलिमीटर अंतर उरले पाहिजे, कमी असेल तर चाकांच्या तारा लांब करा.

धावण्याआधी एक तपासणी कधीही चुकवू नका. खऱ्या स्कायमास्टरमध्ये मागचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असे, ते बंद असल्याचे ध्यानात न येता एकाच इंजिनावर उड्डाण करण्याचे प्रकार घडले. पुढे अमेरिकेच्या विमान-नियामक एफएएने एका इंजिनावर उड्डाण सुरू करू नये अशी सूचना विमानात लावणे सक्तीचे केले. आपल्या मॉडेलमध्ये धोका उलट्या बाजूने येतो. इंजिनाच्या आवाजात पुढची मोटर ऐकूच येत नाही. म्हणून आधी फक्त मोटर पूर्ण जोरावर, मग फक्त इंजिन, मग दोन्ही, असे उभ्याने पाहा. शक्य असेल तर करंट सेन्सर लावून रिमोटवर अँपिअर दिसतील असे करा.

पहिली दोन-तीन उड्डाणे वरच्या पायरीवरच करा आणि ट्रिम (काडी सोडली तरी विमान सरळ उडेल अशी जुळणी) नीट बसवा. त्यानंतर भरपूर उंचीवर खालची पायरी लावून पाहा. मोटर थांबताच नाक किंचित वर येते, कारण पुढच्या प्रॉपचा खाली ओढणारा रोख नाहीसा होतो. तेवढ्यापुरते थोडे एलिव्हेटर मिक्स करता येते.

मग वही उघडा. दर उड्डाणानंतर चार्जरने लिपोत किती एमएएच परत भरले आणि टाकीतून किती मिलिलिटर इंधन परत निघाले, हे वेळेसह लिहा. एकदा मधली पायरी जास्त वापरून, एकदा खालची. हवा शांत असलेल्या सकाळींचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहा.