घरातले जुनेपाने कॉम्प्युटर जोडून एक क्लस्टर कसा करायचा

क्लस्टर म्हणजे नेटवर्कने जोडून एकाच कामाला लावलेल्या बऱ्याच मशीन. आधी एक सांगून टाकतो, पाच मशीन जोडल्या म्हणून गेम पाचपट फास्ट चालणार नाहीये. रॅमची बेरीज होत नाही, प्रोग्रॅम आपोआप पसरत नाही. कामाचे तुकडे पडत असतील, म्हणजे रेंडरिंग, व्हिडिओ कन्व्हर्ट करणं, सिम्युलेशन वगैरे, तरच हा खटाटोप करा.

१९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड सेंटरमध्ये स्टर्लिंग आणि बेकर यांनी १६ साधे पीसी इथरनेटने जोडून बिओवुल्फ नावाचा क्लस्टर केला तेव्हा सगळे पीसी एकसारखे होते. आपलं तसं नसतं. माझ्याकडे एक बऱ्यापैकी आय-५ प्रोसेसरवाला पीसी, एक म्हातारा कोअर टू ड्युओवाला, स्क्रीन फुटलेला लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय (पंजात मावणारा छोटा कॉम्प्युटर), म्हणजे खिचडीच.

वायफायच्या नादाला लागू नका, साधा गिगाबिट स्विच (सगळ्या केबल जोडायचा डबा) घ्या आणि केबल टाका. सगळीकडे डेबियन लिनक्सचं एकच व्हर्जन चढवा. रॉकी किंवा अल्मा ९ हे दुसरे लिनक्स कोअर टू ड्युओवर चालणारच नाही, त्यांना त्यापेक्षा नवा प्रोसेसर लागतो. प्रत्येक मशीनला फिक्स आयपी द्या, सगळ्यांची नावं सगळ्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा आयपी कुठला, ती यादी) लिहा.

आता युजर. नाव सारखं असून भागत नाही, युजरचा नंबर म्हणजे यूआयडी पण सगळीकडे तोच पाहिजे, नाहीतर एनएफएसवरून (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची सोय) होम फोल्डर शेअर केल्यावर स्वतःच्याच फाइलला परमिशन डिनाइड येतं आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो (मी बसलोय). मग एका मशीनवरून दुसरीत लॉगिन करायला पासवर्ड न विचारणारी एसएसएच की बनवा, होम शेअर असल्यामुळे एकदाच करावं लागतं. घड्याळं जुळवायला क्रोनी हा प्रोग्रॅम टाका, पुढे स्लर्म (कामं रांगेत लावून मशीनना वाटणारा प्रोग्रॅम) वापरणार असाल तर त्याचं ओळख तपासणारं मंज, घड्याळ चुकलं की सरळ नाही म्हणतं.

मग ओपन एमपीआय, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलू देणारं सॉफ्टवेअर, सगळीकडे तेच व्हर्जन. होस्टफाइलमध्ये मशीनचं नाव आणि कोअर जितके तितके स्लॉट्स लिहा आणि पहिल्यांदा त्याच्या एमपीआयरन कमांडने फक्त होस्टनेम (मशीनचं नाव छापणारी कमांड) चालवून बघा, सगळ्यांची नावं आली की जिंकलात. नावं आली पण खरा प्रोग्रॅम नुसता लटकून बसला तर फायरवॉल बघा, आणि कुठे डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचं खोटं नेटवर्क कार्ड पण बघा, एमपीआय तिकडून बोलायला जातो, त्याला कुठलं कार्ड वापरायचं ते सांगावं लागतं.

कंपाइल करताना, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवताना, खरी गंमत. आय-५ वर मार्च-नेटिव्ह (याच प्रोसेसरसाठी बनव असं सांगणारा पर्याय) लावून बनवलेला प्रोग्रॅम म्हाताऱ्यावर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरतो, त्याला एव्हीएक्स या नव्या सूचना माहीतच नाहीत. साधं एक्स-८६-६४ टार्गेट ठेवा, ते सगळ्या ६४-बिट पीसींना कळतं. पायचा प्रोसेसर एआरएम, म्हणजे वेगळ्याच जातीचा, त्याची बायनरी (तयार प्रोग्रॅम) वेगळी बनवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कुठली चालवायची ते छोट्या स्क्रिप्टला ठरवू द्या.

आणि काम समान वाटू नका!! चार मशीनला १०० फ्रेम पंचवीस-पंचवीस दिल्या तर आय-५ चट्कन उरकून माश्या मारत बसतो आणि आपण म्हाताऱ्याची वाट बघतो, पंगतीत शेवटचा जेवणारा उठेपर्यंत कोणी उठत नाही तसं. त्यापेक्षा एका मशीनकडे यादी ठेवा, जो मोकळा झाला त्याने पुढची फ्रेम मागून घ्यायची. तुकडे फार बारीक पण नकोत, नाहीतर कामापेक्षा मागामागीतच वेळ जातो. माझ्याकडे एक तुकडा साधारण अर्ध्या मिनिटाचा ठेवला की बरं चालतं.

रोज वापरणार असाल तर वरून स्लर्म टाका. त्यात प्रत्येक नोडला, म्हणजे मशीनला, वेट (एक आकडा) देता येतं, कमी वेटवाल्याला काम आधी मिळतं, म्हणून आय-५ ला कमी आणि म्हाताऱ्याला जास्त द्या, उलटं करू नका.