गोव्यातल्या परसबागेत ठिबक सिंचन: टाकीपासून ड्रिपरपर्यंत

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबर संपता संपता जांभी माती कोरडी पडू लागते आणि पुढचे सात महिने परसातली मिरची, वांगी, अबोली आपण देऊ त्याच पाण्यावर जगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ठिबक बसवले तर हा सगळा काळ नीट निभावतो.

बाजारात मिळणारा तयार संच आणून तसाच जोडला की दोन-तीन महिन्यांत अर्धे ड्रिपर (झाडाजवळ थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे) बंद पडलेले दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा ड्रिपरमध्ये नसते. तो संच मोटरच्या दाबावर आणि स्वच्छ पाण्यावर चालेल असे धरून बनवलेला असतो. आपल्याकडे पाणी येते स्लॅबवरच्या टाकीतून, दाब कमी असतो, विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असते, आणि माती अशी की पाणी पसरण्याआधीच खाली जाते. म्हणून सुरुवात टाकीपासून करावी. ड्रिपर सगळ्यात शेवटी विकत घ्यावेत.

आधी दाब मोजा

यासाठी मीटर लागत नाही, मोजपट्टी पुरते. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून ड्रिपरपर्यंतची उभी उंची मोजा. दहा मीटर उंचीला एक किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे एका मीटरला ०.१ किलो. एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी जमिनीपासून साधारण साडेचार मीटरवर असते. फिल्टर आणि नळ्यांत थोडा दाब जातो, हाती उरतो ०.३५ ते ०.४ किलो.

ड्रिपरवर लिहिलेला ‘४ लिटर’ हा आकडा एक किलो दाबाचा असतो. साध्या ड्रिपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे ०.४ किलोला चार लिटरचा ड्रिपर तासाला सुमारे अडीच लिटरच देतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’, म्हणजे दाब बदलला तरी पाणी सारखेच देणारे, ड्रिपर महाग असतात म्हणून चांगले असतील असे समजून विकत घेऊ नका. त्यांच्या आतला रबरी पडदा नीट काम करायला साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर त्यांचे प्रमाण बिघडते. मोटरवर चालणाऱ्या उताराच्या भाटात (बागायतीत) मात्र तेच योग्य.

गच्चीवरच्या कुंड्यांची गोष्ट आणखी वेगळी. टाकी आणि कुंड्या एकाच गच्चीवर असतील तर उंची जेमतेम एक-दीड मीटर मिळते आणि चार लिटरचा ड्रिपर दीड लिटरसुद्धा देत नाही. तिथे आठ लिटरचे किंवा फिरवून कमी-जास्त करता येणारे छत्रीसारखे ड्रिपर लावावेत. त्यांची भोके मोठी असतात, त्यामुळे ते लवकर तुंबतही नाहीत.

सार्वजनिक नळाचे पाणी थेट ठिबकला जोडू नका. ते ठरावीक वेळीच येते, दाब सारखा बदलतो, आणि सुरुवातीला येणारी हवा व गाळ सरळ नळीत शिरतो.

पाण्यातले लोह

विहिरीचे पाणी पांढऱ्या मगात रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस गाळ किंवा वर तेलकट दिसणारा पापुद्रा असेल तर पाण्यात लोह आहे. जमिनीखालून येताना ते विरघळलेले असते, हवा लागली की गंजासारखे घट्ट होते. हे घट्ट होणे टाकीत घडले तर ठीक; ड्रिपरच्या भोकात घडले तर ड्रिपर गेला. त्यावर वाढणारे जिवाणू लाल बुळबुळीत थर धरतात, तो फुंकून निघत नाही.

उपाय सोपा आहे. विहिरीचे पाणी टाकीत वरून धारेने पडू द्या, पाइपाचे तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका. संध्याकाळी टाकी भरा, रात्रभर गाळ बसू द्या आणि सकाळी ठिबक चालवा. बागेचा फाटा टाकीच्या तळापासून किमान १५ सेंटिमीटर वरून काढा. तळाचा कॉक महिन्यातून एकदा उघडून गाळ सोडून द्या.

फिल्टर पाऊण इंची, १२० मेशचा (मेश म्हणजे जाळीच्या बारीकपणाचे माप). पाणी स्वच्छ असेल तर जाळीचा पुरतो. लोह किंवा शेवाळ असेल तर डिस्क फिल्टर घ्या, चकत्या सुट्या करून घासता येतात. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवा. उलटा बसवलेला फिल्टर ही वरचेवर दिसणारी चूक आहे.

खाडीजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. पानांची टोके करपली आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटे धरली की समजावे. असे पाणी वापरावेच लागले तर पंधरा दिवसांतून एकदा दुप्पट वेळ ठिबक चालवून मुळाजवळचे मीठ खाली ढकला. न्हाणीचे साबणाचे पाणी ठिबकमधून सोडू नये, ते हाताने केळीला घालावे.

सामान

साधारण चाळीस झाडांना १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी नळी) ३० मीटर, ४ मिलिमीटरची काळी बारीक नळी २० मीटर, ड्रिपर ४५, एक फिल्टर, दोन बॉल व्हॉल्व्ह, टाकीच्या नळाला जोडायचा ॲडॉप्टर, टी आणि एल्बो गरजेप्रमाणे, टोकाला लावायच्या एंड कॅप, नळी रोवायच्या खुंट्या, चुकलेले भोक बुजवायच्या दहा-बारा डमी आणि एक पंच. पंचाऐवजी तापवलेला खिळा वापरू नका. भोकाची कड वेडीवाकडी होते आणि तिथून कायम गळते. बारीक नळी पारदर्शक घेतली तर आत शेवाळ वाढते, म्हणून काळीच.

जोडणी

लॅटरलचे वेटोळे तासभर उन्हात टाकून ठेवा. नळी मऊ झाली की सरळ पसरते. टाकीच्या नळानंतर आधी व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग लॅटरल असा क्रम ठेवा. फिल्टर धुताना पाणी बंद करता आले पाहिजे. वाफ्यांतून लॅटरल आडवी न्या. जमीन उताराची असेल, आणि गोव्यात ती बहुतेक असतेच, तर नळी उताराला आडवी ठेवा. वरून खाली नेली तर खालच्या झाडांना जास्त पाणी जाते, दाब ०.४ किलो असताना एक मीटर खालचा ड्रिपर सुमारे १२ टक्के जास्त देतो. एक ओळ ३०-३५ मीटरपेक्षा लांब करू नका. जोडाजवळ नळी बसत नसेल तर तिचे टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. तेल किंवा साबण लावू नका, जोड नंतर निसटतो.

सगळ्या नळ्या जोडून झाल्या की ड्रिपर लावण्याआधी टोके उघडी ठेवून पाच मिनिटे पाणी सोडा. कापताना पडलेले प्लास्टिकचे बारीक कण यातून निघून जातात. ही पायरी गाळली तर पहिल्याच दिवशी ड्रिपर तुंबतात. मग एंड कॅप लावा, भोके पाडा, ड्रिपर बसवा.

आता तपासणी. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पेला ठेवा, पंधरा मिनिटे चालवा आणि पाणी मोजा. अडीच लिटरच्या हिशेबाने प्रत्येकी सव्वासहाशे मिलिलिटरच्या आसपास यायला हवे. शेवटच्या पेल्यात दहा-पंधरा टक्के कमी आले तर चालेल. त्याहून जास्त फरक असेल तर ओळ दोन भागांत तोडून वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या.

जांभ्या मातीत ड्रिपर कुठे ठेवायचा

चिकण मातीत थेंब आडवा पसरतो. जांभ्या, खडीमिश्रित मातीत तो सरळ खाली उतरतो, ओली जागा गाजरासारखी अरुंद आणि खोल होते. वरून पाहिले तर वीतभर ओल दिसते आणि शेजारचे मूळ कोरडे असते. म्हणून भाजीच्या वाफ्यात ड्रिपरमधले अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, आणि वांग्यासारख्या मोठ्या झाडाला दोन बाजूंना दोन द्या. तासभर चालवून खुरप्याने बाजूची माती उकरून पाहा. ओल कुठवर गेली ते डोळ्यांनी दिसते. लागवडीआधी शेणखत किंवा कंपोस्ट मिसळले की ओल जास्त पसरते. वर सुकी चुडते (माडाच्या झावळ्या) कापून किंवा नारळाची सोडणे (वरची जाड साले) उपडी अंथरा, ड्रिपर त्यांच्या खाली राहू द्या.

तांबड्या भाजीसारख्या दाट पेरलेल्या पालेभाजीला ठिबक लावण्याचा खटाटोप करू नये. तिला झारीच बरी.

किती वेळ चालवायचे

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरा, हिवाळ्यात साडेतीन. समजा मिरचीचा वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आहे आणि त्यात दहा ड्रिपर आहेत. उन्हाळ्यात १५ लिटर हवे, दहा ड्रिपर तासाला २५ लिटर देतात, म्हणजे ३६ मिनिटे. हिवाळ्यात २५ मिनिटे पुरे. जांभ्या मातीत ही वेळ दोन हप्त्यांत द्या, अर्धी पहाटे, अर्धी उन्हे कलल्यावर. एकदम दिलेले पाणी मुळांच्या खाली निघून जाते.

बारा इंची कुंडीला एप्रिलमध्ये एक ते दीड लिटर लागते. तुळशीला कमी, तिला दोन लिटरचा ड्रिपर लावा. माडाला दिवसाला सुमारे ३० लिटर हवे. बुंध्यापासून एक मीटरवर आळ्यात चारी बाजूंना आठ लिटरचे चार ड्रिपर ठेवून दीड तास चालवा. माडाचा व्हॉल्व्ह वेगळाच हवा. त्याच्या वेळेला कुंड्या चालल्या तर कुंडीतली मुळे कुजतात. फळे देण्याच्या वयात आलेल्या मानकुराद आंब्याला नोव्हेंबरपासून मोहोर येईपर्यंत पाणी देऊच नका. कोरडा ताण मिळाला तरच मोहोर चांगला फुटतो, नाहीतर नुसती पालवी येते. वाटाण्याएवढी कैरी धरली की सुरू करावे.

टायमर घेणार असाल तर बॉल व्हॉल्व्ह पद्धतीचा बॅटरीवरचा घ्या, तो टाकीच्या कमी दाबावरही उघडतो. सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) टायमरला किमान दाब लागतो, त्याशिवाय तो नीट उघडत किंवा बंद होत नाही. शिगम्याला घर बंद करून जायचे असेल तर आठवडाभर आधी टायमरवर चालवून बघा.

बिघाड आणि खत

फिल्टर आठवड्याला धुवा, एंड कॅप पंधरा दिवसांनी उघडून पाणी सोडा. तुंबलेले उघडणारे ड्रिपर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून रात्रभर बुडवा. लोहाचा आणि क्षारांचा थर सुटतो. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात, पण ती आणि लिंबूसत्व कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो. सुईने भोक टोकरू नका. ते मोठे होते आणि एकाच झाडाला सगळे पाणी जाते.

ओळीत मध्येच दाब पडला तर नळी चालत तपासा. उन्हाळ्यात पाण्यासाठी खारी आणि उंदीर ती कुरतडतात, गवत कापताना कोयत्याने तुटते. तेवढा तुकडा कापून जॉइनर घाला.

जीवामृत, शेणाची स्लरी ठिबकमधून देऊ नका, कापडातून गाळली तरी. ती आळ्यात ओता. विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम पुरे, आणि त्यानंतर दहा मिनिटे साधे पाणी चालवा. खत घराच्या टाकीत किंवा घराच्या पाइपात कधीही मिसळू नका, त्यासाठी चिऱ्यांच्या भक्कम चौथऱ्यावर वेगळा पिंप ठेवा. २०० लिटरचा भरलेला पिंप दोनशे किलोंहून जड असतो, हे चौथरा बांधताना ध्यानात असू द्या.

मिरगाचा पाऊस लागला की ठिबक आवरा. ड्रिपर काढून धुऊन डब्यात ठेवा, फिल्टर कोरडा करा, लॅटरल गुंडाळून पडवीत टांगा, पाणी निथळायला टोके उघडी ठेवा. ऑक्टोबरात पुन्हा जोडताना ड्रिपर लावण्याआधी टोके उघडी ठेवून दहा मिनिटे पाणी सोडा. चार महिने टांगलेल्या नळीत मुंग्यांनी आणि कुंभारीण माश्यांनी माती भरलेली असते.