अंदमानला दोघंच जाताय? मुंबईचा नाद सोडा

नांदेड, लातूर, परभणीकडच्यांनी अंदमानसाठी आधी मुंबई गाठायची गरज नाही. हैदराबाद जवळ पडतं, रात्रीच्या गाडीनं पहाटे पोहोचता येतं, आणि पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून श्री विजयपुरम) विमान तिथूनही मिळतं.

चार-पाच दिवसच असतील तर सगळी बेटं पालथी घालू नका. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, सलग दोन-तीन रात्री राहा. बोटीला दोन-अडीच तास लागतात, पण समुद्र खवळला की फेरी रद्द होते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आम्ही हे केलं नव्हतं. बोट सुटेपर्यंत जीव टांगणीला.

घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर मावळतीचे फोटो हवे असतील तर चारलाच हजर राहा, दुपारची झोप विसरा. (बायकोला हे आधी सांगा.)

सेल्युलर जेल कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारून घ्या. जानेवारी ते एप्रिल हवा बरी. रोख पैसे सोबत ठेवा, नेटवर्कचा भरवसा नाही.