वाळलेलं लॉन, पण मुळं जिवंत

मे महिन्यातल्या पाणीकपातीत नेरूळच्या आमच्या सोसायटीचं लॉन पार करपलं. कमिटी नवीन कार्पेट (तयार गवताच्या गुंडाळ्या) आणायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा. मूठभर गवत ओढून पाहिलं, तर सहज हाती आलं नाही आणि बुडखे आतून पांढरे, टणक होते. म्हणजे जीव होता! शेवटी हरळीच ती.

जमीन मात्र सिमेंटसारखी झालेली, पाणी नुसतं वाहून जायचं. माळीकाकांनी पहारेने वीतभर अंतरावर भोकं पाडली, त्यांत चाळलेलं शेणखत आणि रेती भरली. रोज शिंपडण्याऐवजी तीन दिवसांनी, पहाटे, भरपूर पाणी. युरियाला मी साफ नकार दिला, सुकलेल्या मुळांना तो जाळतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर हिरवे धुमारे दिसले. कापणी महिनाभर बंद ठेवली, मुलांचं क्रिकेटही (त्यावरून भांडण झालंच). गेटजवळचा तुकडा मेला, तिथे बाजूच्याच काड्या लावल्यात.